1996 ची लिफ्ट: फक्त पॅनेल बदलायचं की सगळीच काढायची?

सचिव_बी_विंग
नमस्कार. डोंबिवलीत तळमजला अधिक 7 मजल्यांची सोसायटी. लिफ्ट 6 माणसांची (408 किलो), जाळीचे दरवाजे, रिलेचं पॅनेल (लिफ्ट चालवणारी जुन्या पद्धतीची कंट्रोल पेटी), टू-स्पीड मोटर (दोनच वेगांची), मशीनरूम गच्चीवर. मजल्यावर थांबताना कधी दोन इंच वर, कधी खाली. एएमसीवाले (वार्षिक देखभालीचे ठेकेदार) म्हणतात पूर्ण नवी घ्या, दुसरा म्हणतो पॅनेल आणि मोटर बदला, झालं. पुढच्या महिन्यात सभा आहे. वयावरून ठरवायचं का?

गव्हर्नर_रोप
वयावरून नको. आधी कंप्लेंट बुक काढून गेल्या 12 महिन्यांत लिफ्ट कशाकशाने बंद पडली ते कारणवार लिहा. जाळीच्या लिफ्टमध्ये बऱ्याचदा दोष दरवाजाच्या लॉकचा नि गेट स्विचचा असतो, आणि शिव्या पॅनेलला बसतात.

वर-खाली थांबण्याचं कारण वेगळं. टू-स्पीड लिफ्ट शेवटी ब्रेकवर थांबते, म्हणून आत एक माणूस की सहा, यावर थांबण्याची जागा बदलते. त्यात ब्रेकचं लायनिंग झिजलं किंवा गिअरचं तेल ब्रेक ड्रमवर आलं की दोन इंच सहज. हे दुरुस्त व्हायला सभेची वाट बघू नका. व्हीव्हीव्हीएफ ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं यंत्र) आणि एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) असेल तर मोटरच वेग शून्यावर आणते, ब्रेक नुसता धरून ठेवतो. फरक काही मिलिमीटरवर येतो.

खरा निर्णय मशीनवर, म्हणजे मोटर, गिअरबॉक्स आणि दोरांची पुली यांवर. मेन स्विच बंद करून मेकॅनिकला पुलीवरच्या दोरांवर आडवी सरळ पट्टी ठेवायला सांगा. एखादा दोर बाकीच्यांपेक्षा खाली बसला असेल तर खाचा झिजल्यात. पकड खाचेच्या कडांवर असते, दोर तळाला टेकला की तो घसरतो. अशा पुलीवर नवे दोर टाकले तर तेही लवकर खराब होतात. 13 मिमीचा दोर कॅलिपरने 11.7 च्या खाली भरला, तर तो काढायचाच. गिअरबॉक्समधलं थोडं तेल पांढऱ्या फडक्यावर घ्या. पितळी चमक दिसली तर वर्म व्हील (गिअरबॉक्समधलं दातेरी चाक) झिजतंय.

सचिव_बी_विंग
बघून घेतलं. 4 पैकी 2 दोर खाली बसलेत, तेलातही चमक आहे. म्हणजे पूर्ण नवीच?

ओळंबा
पूर्ण नाही, पण मशीन, पॅनेल, दोर, वायरिंग आणि दरवाजे गेलेच असं धरा. गाइड रेल (लिफ्ट ज्यांवरून सरकते ते उभे रूळ) सहसा वाचतात. सांधे घासून, ब्रॅकेटचे बोल्ट तपासून तेच ठेवता येतात. काउंटरवेटची (केबिनला तोलणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या वजनाची) फ्रेमही राहते, मात्र वजन नव्याने जुळवायचं: केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या 40 ते 50 टक्के. जुनी लाकडी केबिन जाऊन हलकी स्टीलची आली आणि काउंटरवेट तसंच राहिलं, तर नवी मोटर पहिल्या दिवसापासून उगाच राबते. नंतर कुणी हौसेने ग्रॅनाइटची फरशी बसवली की उलटं होतं.

कोटेशन घेण्याआधी शाफ्टमध्ये (लिफ्टच्या उभ्या विहिरीत) ओळंबा सोडून प्रत्येक मजल्यावर मापं घ्यायला लावा. दोन पल्ल्यांच्या एकाच बाजूला सरकणाऱ्या ऑटोमॅटिक दरवाजाला उघडणाऱ्या रुंदीच्या साधारण दीडपट जागा लागते, केबिनची खोलीही कमी होते. मापं न घेता गेलात तर नंतर कळतं की 6 ची लिफ्ट 4 माणसांची झाली. पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) पावसाळ्यात पाणी साचत असेल तर वॉटरप्रूफिंग आधी, लिफ्ट नंतर.

हिशेबनीस
कोटेशनमध्ये एक गोष्ट लेखी घ्या: कंट्रोलर (नवं पॅनेल) खुला हवा, म्हणजे सेटिंगचं उपकरण किंवा पासवर्ड सोसायटीच्या ताब्यात, आणि सुटे भाग बाजारात मिळणारे. नाहीतर पुढची 15 वर्षं एएमसीचा दर तोच ठेकेदार ठरवेल. वीज गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेणारी एआरडी मागा. तिच्या बॅटऱ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलायच्या असतात, तो खर्च कुणाचा तेही लिहून घ्या.

पैसे सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीतून) घ्यायचे तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. तळमजलेवाले "आम्ही लिफ्ट वापरत नाही" म्हणतीलच. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे लिफ्टचा देखभाल-दुरुस्ती खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांत समान वाटायचा, वापर असो वा नसो. आणि पाच-सहा वर्षांत पुनर्विकास दिसत असेल तर दरवाजे-केबिन सोडा, मशीन, दोर नि पॅनेलपुरतंच करा.

गव्हर्नर_रोप
वरच्याला जोड: बदलाआधी लिफ्ट इन्स्पेक्टरची परवानगी आणि काम झाल्यावर तपासणी. तोपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.