‘बेनिफिस’साठी मराठी शब्द: वतन, सरंजाम की नेमणूक?

प्रश्न:
चौदाव्या शतकातील विंचेस्टरचे बिशप विल्यम ऑफ विकम यांच्या कारकिर्दीवरील लेख मराठीत आणताना ‘बेनिफिस’ या शब्दापाशी अडलो आहे. चर्चमधील एखादे पद आणि त्या पदाला जोडलेले जमिनीचे किंवा दशमांशाचे उत्पन्न, असा दुहेरी अर्थ त्यात आहे. तूर्त मी ‘वतन’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १:
पाटीलकी-कुलकर्णीपणातही काम आणि उत्पन्न एकत्रच असल्याने ‘वतन’ जवळचा वाटतो खरा; पण वतनाचा प्राण वंशपरंपरेत आहे. ते बापाकडून मुलाकडे जाते, भाऊबंदांत वाटले जाते, प्रसंगी विकलेही जाते. विकम हे अविवाहित पाद्री होते आणि त्यांच्याकडील प्रत्येक पद त्यांच्या मृत्यूनंतर किंवा त्यांना वरचे पद मिळाल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जायचे होते. ‘इनाम’ही त्याच कारणाने बाद होते, शिवाय इनामात कामाची अट असतेच असे नाही.

माझे मत ‘नेमणूक’ या शब्दाकडे झुकते. आज आपण तो फक्त पदावर नेमण्यापुरता वापरतो, परंतु पेशवाईतील कागदांत त्या माणसाला ठरवून दिलेल्या रकमेलाही नेमणूकच म्हणत. अर्थ निसटेल अशी शंका वाटल्यास पहिल्या उल्लेखात ‘उत्पन्नासह नेमणूक’ असे लिहावे.

विकम यांच्या बाबतीत हा अर्थ विशेष महत्त्वाचा आहे. विंडसरच्या राजवाड्याचे बांधकाम पाहणारा हा कारकून तिसऱ्या एडवर्डच्या मर्जीतला होता आणि राजा आपल्या चाकरांचा मोबदला चर्चच्या उत्पन्नातून परस्पर भागवीत असे. नॉरफोकमधील पुलम येथील धर्मग्राम (पॅरिश) त्यांना 1357 मध्ये मिळाले, पाद्रीपदाची दीक्षा मात्र 1362 मध्ये झाली! पोप पाचव्या अर्बनच्या आदेशावरून 1366 मध्ये एकाहून अधिक पदे धारण करणाऱ्यांची माहिती मागवण्यात आली, तेव्हा विकम यांच्या नावावर लिंकनचे आर्चडीकनपद, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ पद, आणि त्याखेरीज अनेक प्रीबेंड, म्हणजे कॅथेड्रलच्या मंडळातील उत्पन्नाच्या जागा, होत्या. इतक्या ठिकाणी स्वतः उपासना चालवणे कोणालाही शक्य नव्हते. प्रत्यक्ष काम पगारी बदली माणूस करी, ज्याला ‘व्हिकार’ म्हणत. त्यासाठी ‘मुतालिक’ हा शब्द आपल्याकडे तयारच आहे, आणि गैरहजर वतनदाराचा मुतालिक ज्याने कागदपत्रांत पाहिला आहे त्याला वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

उत्तर २:
‘मुतालिक’ उत्तम. ‘नेमणूक’ लहान पदांना चालेल, पण विंचेस्टरसारख्या बिशपपदाला तो शब्द तोकडा पडतो, असे मला वाटते. इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत धर्मप्रांतांपैकी तो एक होता आणि त्याच्याकडे राजाच्या वतीने धारण केलेल्या विस्तीर्ण जमिनी होत्या. त्यांना ‘सरंजाम’ का म्हणू नये? सरंजामही सेवेसाठीच दिला जातो आणि, निदान तत्त्वतः, सरकारच्या मर्जीवर टिकतो.

उत्तर १ कडून:
आपली सूचना जमिनींपुरती मान्य आहे, पदासाठी नाही, आणि हा भेद विकम यांच्याच चरित्रात स्पष्ट दिसतो. त्यांना 1367 मध्ये बिशप म्हणून अभिषेक झाला आणि त्याच वर्षी ते चॅन्सेलर, म्हणजे राजाचे प्रमुख मंत्री, झाले. चॅन्सेलरपद 1371 मध्ये गेले. पुढे 1376 मध्ये राजपुत्र जॉन ऑफ गाँटच्या गटाने त्यांच्यावर खटला भरून धर्मप्रांताच्या जमिनी राजाच्या ताब्यात घेतल्या, त्या 1377 मध्ये परत मिळाल्या. मधल्या काळात उत्पन्न थांबले, पण बिशपपदाला कोणी हात लावला नाही, कारण ते काढून घेणे राजाच्या अधिकारात नव्हते. सरंजाम काढला की सरंजामदार उरत नाही. येथे बिशप उरला. म्हणून पदाला ‘बिशपपद’ आणि त्याच्या जमिनींना ‘सरंजाम’, असे दोन शब्द अनुवादात वेगळे ठेवावेत.

याच ओघात आणखी एक भेद पाळावा. 1376 मधल्या प्रकाराला ‘जप्ती’ म्हणावे. बिशप मरण पावल्यानंतर नवा येईपर्यंत राजा त्या जमिनी आपल्याकडे ठेवी, त्यात मात्र शिक्षा नव्हती. त्याला आपल्या दप्तरांतला ‘अमानत’ हा शब्द अधिक शोभेल.

मूळ प्रश्नकर्त्याकडून:
दोघांचेही आभार. मग ‘वतन’ लेखातून पूर्णपणे काढून टाकावे का?

उत्तर २:
एका जागी ठेवता येईल. विकम यांनी ऑक्सफर्ड येथे 1379 मध्ये न्यू कॉलेज आणि पुढे 1382 मध्ये विंचेस्टर कॉलेज स्थापन केले, तेव्हा आपल्या नात्यातील मुलांना तेथे अग्रहक्क देऊन ठेवला. ‘संस्थापकाचे नातलग’ म्हणून हा हक्क सांगणारे लोक एकोणिसाव्या शतकापर्यंत वंशावळी घेऊन येत राहिले. त्या हक्काला निःशंकपणे ‘वतन’ म्हणावे.