बाळाच्या छातीला कापूर चोळावा का?

ए-३०१ ताई: नमस्कार मंडळी. बाळ चार महिन्यांचं आहे, कालपासून नाक चोंदलंय. ताप नाही. खोबरेल तेलात कापूर विरघळवून छाती-पाठ चोळ म्हणतात. चोळू का?

सी-१०२ आजी: चोळ की! आमची सगळी पोरं त्यावरच वाढली.

बी-२०४ (फार्मसिस्ट): आजी, मोठ्यांचं वेगळं. पण दोन वर्षांच्या आतल्या बाळाला कापूर लावूच नये. कातडीतून तो रक्तात मुरतो आणि बाळाच्या लिव्हरला तो झेपत नाही. जास्त गेला तर झटके येतात. शिवाय नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते नुसत्या गारव्यामुळे, आतली सूज तशीच राहते.

ए-३०१ ताई: मग बाम?

बी-२०४: बहुतेक बाममध्येही कापूर असतो, छातीला चोळायच्या बाममध्ये साधारण ५ टक्के. अमेरिकेत अंगाला लावायच्या औषधांत ११ टक्क्यांच्या वर घालू देत नाहीत. आपण वाटीत अंदाजाने वड्या चुरतो, त्याचं प्रमाण कोण मोजणार? २० टक्क्यांच्या तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे जवळजवळ १ ग्रॅम कापूर. तेवढा पोटात जाऊन लहान मुलं दगावली आहेत. तसलं तेल तिकडे १९८०च्या दशकातच बंद केलं.

डी-४०२ काका: भीमसेनी तर शुद्ध असतो ना?

बी-२०४: काका, शुद्ध असला तरी कापूरच, विषबाधा तशीच होते. आणि आरतीची वडी दिसते खडीसाखरेसारखी, रांगतं मूल सरळ तोंडात घालतं. देवघरातली डबी कृपा करून आजच वरच्या फळीवर ठेवा. गिळलाच तर उलटी करवू नका. पाच-दहा मिनिटांतही झटका येऊ शकतो, अशात उलटी श्वासनलिकेत जाईल. १०८ला फोन करा, डबी सोबत न्या.

सी-१०२ आजी: माझ्या गुडघ्यांना लावते ते?

बी-२०४: खुशाल लावा. फक्त खरचटलेल्या जागी नको, आणि वरून गरम पिशवीचा शेकही नको. तेल गॅसवर असताना कापूर टाकू नका हं, भपकन पेटतो.

ताई, बाळाच्या नाकात साध्या सलाइनचे थेंब घाला, अंगावर पाजत राहा. धाप लागली, बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या किंवा दूध सोडलं, तर लगेच डॉक्टर गाठा.

ए-३०१ ताई: थेंब आणायला हे निघालेत. पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधलीये, ती?

बी-२०४: तीही सोडा. आता हाताला लागेल ते बाळ तोंडात घालणार.