झाकण बंद केलं तरी लॅपटॉप सॅकमध्ये तापतो, बॅटरी उतरते (लिनक्स मिंट)

माणची_विहीर:
नमस्कार मंडळी. माण तालुक्यातल्या नऊ गावांत दर महिन्याला विहिरींची पाणीपातळी मोजून नोंदी ठेवायचं काम मी करते. स्वारगेटहून एसटी, साताऱ्याला गाडी बदलायची, मग दहिवडी. साडेचार-पाच तास जातात.

लॅपटॉप सेकंडहँड आहे. आठव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, बॅटरी आता जेमतेम ४० वॉट-अवर धरते. मंगळवारी ९६ टक्के चार्ज असताना झाकण लावून सॅकमध्ये ठेवला. दहिवडीला उतरले तेव्हा सॅकची पाठीकडची बाजू चांगलीच गरम लागत होती. उघडला तर ३८ टक्के, आणि पंखा जोरात चाललेला. गावात दुपारभर वीज नव्हती. बायका रानातली कामं टाकून वह्या घेऊन बसल्या होत्या, आणि चौथ्या विहिरीच्या नोंदीला लॅपटॉप बंद पडला. फार वाईट वाटलं.

घरी रात्रीसुद्धा झाकण लावून ठेवला तर ९ तासांत १०० वरून ८१ वर येतो. टीएलपी (बॅटरी वाचवणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं, फरक नाही. आधी काय तपासू?

सह्याद्रीवाट:
ताई, सरळ शटडाऊन करत जा. एसएसडी असेल तर अर्ध्या मिनिटात चालू होतो.

माणची_विहीर:
क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ गावांचे नकाशे आणि दोन शीट उघडी असतात. दर गावात ते सगळं पुन्हा मांडायचं म्हणजे लोकांचा वेळ जातो. मला तो झोपायला आणि नीट उठायला हवा आहे.

जुना_कीबोर्ड:
ताईंची गरज रास्त आहे. आठव्या पिढीच्या यंत्राला हे जमायला हवं.

टीएलपी लॅपटॉप जागा असतानाचा खर्च कमी करतं. झोपेतल्या खर्चाला त्याचा फारसा उपयोग नाही. तुमचे आकडे पाहून मला वाटतं, रात्रीचं दुखणं वेगळं आणि एसटीतलं वेगळं. रात्री ९ तासांत १९ टक्के म्हणजे साधारण पाऊण-एक वॉट. लॅपटॉप झोपलाय, पण झोप उथळ आहे. एसटीत पाच तासांत ५८ टक्के म्हणजे साडेचार वॉटच्या पुढे. एवढा खर्च झोपलेल्याचा नसतो, तिथे तो जागाच होता.

आधी रात्रीचं बघू. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' ही फाईल टर्मिनलमध्ये 'कॅट' आज्ञेने उघडून पाहा (टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं). त्यात 'एस२आयडल' आणि 'डीप' हे दोन शब्द दिसतील. ज्याला चौकटी कंस आहे तो सध्या चालू. एस२आयडलमध्ये प्रोसेसरला नुसतं निवांत बसवलेलं असतं, वीज बंद होत नाही. एखादं उपकरण नीट निजलं नाही तरी बॅटरी झिरपत राहते. डीपमध्ये रॅमला जेमतेम जगण्यापुरती वीज मिळते आणि बाकी जवळजवळ सगळं बंद होतं.

एसटीचं कोडं लॉगमधून सुटेल. जर्नलसीटीएल या आज्ञेने सिस्टमचा लॉग दिसतो, त्यात मंगळवारच्या 'सस्पेंड एन्ट्री' (झोपला) आणि 'सस्पेंड एक्झिट' (उठला) या ओळी शोधा आणि वेळा इथे टाका. तोवर एकही सेटिंग बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

आणि एक विचारायचं राहिलं: यूएसबीला काही लावलेलं असतं का?

माणची_विहीर:
कंस एस२आयडललाच आहे, शेजारी डीप आहे. मंगळवारी एन्ट्री ७:०४, एक्झिट ७:११. त्यानंतर थेट मी दहिवडीला उघडेपर्यंत काहीच नाही. वायरलेस माऊसचा डोंगल कायम लावलेला असतो. माऊस त्याच सॅकच्या पुढच्या कप्प्यात, चालूच राहतो. रात्री मात्र माऊसचं बटण आठवणीने बंद करते.

जुना_कीबोर्ड:
सापडलं! असे बरेच डोंगल स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनही देतात, आणि यूएसबी कीबोर्डला लॅपटॉप उठवायची मुभा कर्नल (लिनक्सचा गाभा) आपणहून देतं. स्वारगेट सोडल्यावर पहिल्याच खड्ड्यांत माऊस हलला आणि लॅपटॉप उठला. झाकण आधीपासून बंदच होतं, म्हणून 'आता बंद झालं' ही खबर पुन्हा गेली नसावी.

प्रवासात डोंगल काढून ठेवा. कायमचा बंदोबस्त हवा असेल तर त्या यूएसबी उपकरणाच्या 'पॉवर/वेकअप' फाईलीत 'डिसेबल्ड' लिहायचं. रीबूटनंतर ते पुसलं जातं म्हणून यूडेव्हचा (उपकरण जोडलं की सेटिंग आपोआप लावणारी लिनक्सची सोय) नियम करावा लागतो, तो मी लिहून देईन.

डीपसाठी आधी सगळं सेव्ह करा. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन मेम_स्लीप फाईलीत 'डीप' लिहा आणि चार-पाच वेळा झाकण लावून-उघडून पाहा. पडदा, वायफाय, टचपॅड सगळं परत आलं तरच पुढे जायचं. मग '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' (लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबची सेटिंग फाईल) मधल्या कर्नलच्या ओळीत 'मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप' जोडून अपडेट-ग्रब चालवा. जमलं नाही तर नुसतं रीबूट केलं की आधीची स्थिती परत येते, म्हणून ग्रबला हात सगळ्यात शेवटी.

निळा_दिवा:
नवं यंत्र असणाऱ्यांसाठी: इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांत डीप मिळतच नाही. काहींच्या बायोसमध्ये (यंत्र चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'स्लीप स्टेट' असा पर्याय असतो, तिथे लिनक्स निवडलं की दिसू लागतं. तोही नसेल तर सिस्टमडीचं 'सस्पेंड-देन-हायबरनेट' वापरा. ठरलेला वेळ झोपून मग रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होतं. त्यासाठी रॅमएवढी स्वॅप (रॅममधलं उतरवायला डिस्कवर राखलेली जागा) ठेवा. स्वॅप फाईल असेल तर कर्नलच्या ओळीत रिझ्यूमसोबत ऑफसेटही (फाईल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा) द्यावा लागतो, इथे बरेच जण अडकतात. आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच सिस्टम सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर बहुतेक वितरणांत कर्नल हायबरनेट करूच देत नाही.

माणची_विहीर:
आज दहिवडीहून लिहिते आहे. डीप लावून पाच रात्री पाहिलं, ९ तासांत ५ टक्के जातात. उठल्यावर वायफाय जोडायला दहा-बारा सेकंद लागतात, ते चालेल. डोंगल काढून डब्यात ठेवला होता. सकाळी ९७ होते, इथे उघडला तेव्हा ९४, आणि सॅक गार. दुपारी वीज आजही नव्हती. नऊच्या नऊ गावांच्या नोंदी झाल्या, वर ४१ टक्के उरले. जुना_कीबोर्ड दादा, यूडेव्हचा नियम तेवढा द्या. पुढच्या महिन्यात डोंगल काढायचं विसरले तर?