दहाचाकी टिपर: खेपेचा भाव कसा काढायचा?

टिपर_पुणे:
वाघोलीकडच्या क्रशरवरून खडी टाकायचीय, एकेरी १८ किमी. गाडी दहाचाकी, बीएस-६. महिन्याला हप्ता ७५,०००, ड्रायव्हर २२,०००, विमा-टॅक्स-फिटनेस-पार्किंग १५,०००. डिझेल ९२ धरलंय. पार्टी ब्रासचा (१०० घनफूट) भाव मागते, वर पाच ब्रास भरा म्हणते. किती सांगू?

खडीवाले:
आधी खेप काढा, ब्रासचं नंतर. येऊन-जाऊन ३६ किमी, तीनच्या अ‍ॅव्हरेजने १२ लिटर. भरताना आणि जॅक मारताना (हौदा उचलून माल ओतताना) इंजिन चालू, त्याचा आणखी एक. १३ लिटरचे १,१९६. डीईएफ (बीएस-६ला धुरासाठी लागणारं युरियाचं पाणी) ४०. टायर किमीला ५ (दहा टायर दोन लाख, ४०,००० किमी चालले तर), ऑइल-ग्रीस-पाटे (स्प्रिंगचे) ४, म्हणजे ३२४. झाले १,५६०.
उभा खर्च (हप्ता, ड्रायव्हर, विमा वगैरे) महिन्याला १,१२,०००. २२ दिवसांनी भागला की रोजचे ५,०९१, दिवसाच्या चार खेपांत प्रत्येकी १,२७३. एकूण २,८३३, त्यावर १५ टक्के: ३,२५८.
आता तीनच खेपा धरून बघा. नुसता खर्चच ३,२५७! म्हणून शहरातले अवजड वाहनबंदीचे तास आणि क्रशरवरची रांग बघूनच बोला.

काटापावती:
पाच ब्रास विसरा. पासिंग (मालासकट मंजूर वजन) २८.५ टन, रिकामी गाडी ११.५च्या आसपास (आरसी बघा), उरले १७. खडीचा ब्रास साधारण सव्वाचार टन, म्हणजे चार ब्रासला गाडी फुल्ल. पाचव्या ब्रासला मोटार वाहन कायद्याचं कलम १९४: २०,००० दंड, शिवाय जादा टनाला २,००० आणि माल तिथेच उतरवायचा. ओली क्रशसँड याहून जड. टनाचाच भाव द्या, काटापावतीवर. ब्रासमध्ये फाळक्याची (हौद्याच्या फळीची) उंची मोजण्यावरून रोज वाद.

डांबरी:
२२ दिवस पावसाळ्यात कुठे मिळतात? हप्ता मात्र थांबत नाही. वर्षाला २४० दिवस धरा: रोजचे ५,६००, त्याच हिशेबाने १५ टक्के धरून खेप ३,४०४, १७ टनांनी भागली की टनाला २००.
कोटेशनवर लिहा: रॉयल्टी (खडी-मुरमावरचं सरकारी शुल्क), टोल, जीएसटी वेगळे. अर्ध्या तासावर थांबवलं तर तासाला ५६०. डिझेल रुपयाने हललं की खेपेला १३ रुपये. रॉयल्टी पासची वेळ गेट सोडायच्या आधी तपासा. पास संपला तर जप्त होते ती गाडी.

टिपर_पुणे:
२०० सांगतो. परतीला मुरूम मिळतोय, घेऊ का?

खडीवाले:
आधी त्याचाही पास आहे का बघा. मग वळसा आणि वेळ मोजा. तासभर गेला तर ५६० रुपये आणि जादा डिझेल त्या मुरमातून सुटायला हवं. चौथी खेप बुडणार असेल तर रिकामेच या.