जर्मनीत होस्ट फॅमिलीबरोबर वर्षभर राहणाऱ्या मुलीची तयारी कशी करावी?

प्रश्न : एक पालक, जुळे सोलापूर

आमच्या मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली असून रोटरी युथ एक्स्चेंज या रोटरी क्लबांच्या विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रमातून वर्षभरासाठी जर्मनीला जाण्यासाठी तिची निवड झाली आहे. ऑगस्टमध्ये ती निघेल, तिथल्या शाळेत जाईल आणि वर्षभरात आळीपाळीने तीन कुटुंबांकडे राहील, असे आम्हाला कळवले आहे. मुलगी समंजस आहे, पण अबोल आहे. भूक लागली तरी ती मागून घेत नाही, आजीच तिच्या ताटाकडे लक्ष ठेवतात. आमचे घर पूर्ण शाकाहारी आहे. नात्यातले सगळे विचारतात की ही कुटुंबे पैसे घेत नसतील तर परक्या मुलीला सांभाळून त्यांना काय मिळते, आणि एका घरात ती रुळते न रुळते तोच तिला दुसरीकडे का हलवायचे? ज्यांची मुले जाऊन आली आहेत किंवा ज्यांनी परदेशी मुलांना घरी ठेवून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. व्हिसा आणि प्रवास यांची माहिती आमच्याकडे आहे. परक्या घरात दिवस कसा जातो, हे समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद : जर्मनीत वर्ष राहून आलेली विद्यार्थिनी, सध्या पुणे

काकू, तुमची मुलगी मागून घेत नाही हे वाचून लगेच लिहायला बसले, कारण तिथे सुरुवातीला सर्वांत जड तेच जाते. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे आणि घरच्यांनी तरीही वाढायचे, ही रीत दोन्ही बाजूंना ठाऊक असते. मी राहिले त्या घरांत एकदाच विचारत; नको म्हटले की तो शब्द खरा धरून भांडे पुढे जाई.

संध्याकाळचे जेवण पुष्कळ जर्मन घरांत थंड असते. टेबलावर पाव, लोणी, चीज, काकडी-टोमॅटोच्या फोडी आणि मांसाचे काप मांडलेले असतात, आणि प्रत्येकाने समोरच्या छोट्या लाकडी फळीवर आपला पाव आपण लावून घ्यायचा असतो. वाढलेल्या ताटाची सवय असलेल्या मुलीला यात पोट कसे भरायचे हेच आधी कळत नाही. म्हणून निघण्यापूर्वी तिने स्वतः पहिल्या कुटुंबाला पत्र लिहून कळवावे की मांस, मासे आणि मांसाच्या पाण्यात केलेले सूप ती खात नाही, केकमध्ये अंडे चालते की नाही, आणि जिलेटिन घातलेल्या चिवट गोळ्याही तिला चालत नाहीत. नुसते शाकाहारी एवढेच सांगितले तर मासे चालत असतील असे समजणारी माणसे भेटतात. हे पत्र तुम्ही लिहू नका, तिलाच लिहू द्या.

घर बदलण्याची मात्र काळजी करू नका. पहिले घर सोडताना मला रडू आले, पण त्या घरात लहान मुले होती आणि सगळा दिवस त्यांच्या वेळापत्रकाने चाले; दुसऱ्या घरातली मुले मोठी होऊन बाहेर पडली होती, त्यामुळे जेवणानंतर आम्ही टेबलावरच बोलत बसायचो, आणि माझे जर्मन सुधारले ते तिथे. एकाच घरावरून मी साऱ्या देशाबद्दल मत बनवून परतले असते.

प्रतिसाद : परदेशी विद्यार्थिनीला ठेवून घेतलेले कुटुंब, सोलापूर

ताई, काय मिळते याचे उत्तर मी यजमानाच्या बाजूने देतो. या कार्यक्रमात यजमान कुटुंब राहण्या-जेवणाचा मोबदला घेत नाही, आणि मुलीचा दरमहा हातखर्च तिथला क्लब देतो. आमच्याकडे ब्राझीलची मुलगी काही महिने होती. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक पाहताना ती जे विचारत होती, त्याची उत्तरे आमच्या मुलांकडे नव्हती, म्हणून त्यांनी ती घरी येऊन आजोबांकडून काढून घेतली. आम्हाला मिळाले ते असे. ती स्वयंपाकघरात येऊन उभी राहायची आणि भाकरी थापायला मागायची. तव्यावर टाकताना भाकरी मोडली की माझी आई ते पीठ पुन्हा मळून मुकाट्याने तिच्या हातात द्यायची. यजमानाला मुलीकडून एवढाच वावर हवा असतो.

एक आग्रहाची विनंती आहे. आपल्याकडे रात्रीची जेवणे आटोपून साडेआठला व्हिडिओ कॉल लावणे सोयीचे वाटते, पण जर्मनीत तेव्हा हिवाळ्यात दुपारचे ४ आणि उन्हाळ्यात ५ वाजलेले असतात, म्हणजे शाळा सुटल्यावर खेळायला किंवा घरच्यांबरोबर बाहेर जायची नेमकी तीच वेळ असते. रोज त्या वेळी मुलगी खोलीत फोन घेऊन बसली, तर शरीराने ती तिथे आणि मनाने सोलापुरातच राहील. आठवड्यातून एकदा बोलावे, आणि वार व वेळ तिने यजमानांना विचारून ठरवावी.

प्रतिसाद : विद्यार्थी समुपदेशक म्हणून काम केलेले रोटरी सदस्य

क्लब प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक समुपदेशक नेमतो आणि ती व्यक्ती यजमान कुटुंबातील असू नये असा नियम आहे, कारण अडचण घरातच असेल तर ती सांगायला घराबाहेर हक्काचे माणूस लागते. कुटुंबांच्या मुलाखती आणि घरभेटीही होतात. तरीही मुलीला निघण्यापूर्वी स्पष्ट सांगा की कोणाच्याही वागण्याने असुरक्षित वाटले, तर यजमानांना वाईट वाटेल किंवा आईबाबा परत बोलावतील असा विचार न करता त्याच दिवशी समुपदेशकाला आणि तुम्हाला कळवायचे. घर बदलून मिळते. संकटकाळचा ११२ हा क्रमांक तिला पाठ असावा. वाहन चालवण्यास विद्यार्थ्यांना सक्त मनाई असते. जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर विकत घेणे कायद्याला मान्य आहे, पण कायद्याला चालते ते कार्यक्रमाला चालेलच असे नाही, त्यामुळे कार्यक्रमाचे नियमपत्र तिने स्वतः नीट वाचलेले असावे. अकरावीच्या प्रवेशाचे काय होणार, हे कनिष्ठ महाविद्यालयाकडून आताच लेखी घ्या.

प्रश्नकर्त्या पालक

सर्वांचे मनापासून आभार. पत्र लिहायला ती आजच बसली आहे. सासूबाई कडक भाकरी, शेंगा चटणी, पेढे आणि घरचे तूप बांधून देणार म्हणतात. हे सगळे नेता येईल का?

प्रतिसाद : पुण्याची विद्यार्थिनी

काकू, पेढे आणि तूप राहू द्या. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ आणि मांस सामानातून नेण्यास मनाई आहे. कडक भाकरी टिकते आणि चटणीही चालेल, पण त्या घरात कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे तिने याच पत्रात विचारावे आणि उत्तर आल्यावरच चटणी बांधावी. तिखट निम्मे घालायला सांगा, म्हणजे तिला ती टेबलावर सर्वांसमोर ठेवता येईल.