मोबाईल सगळ्यांकडे आहे, मग डिजिटल दरी उरली कुठे?

रिकामी_वही:
ऑफिसात वाद झाला म्हणून विचारतेय. एकजण म्हणाला, आता ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे, डिजिटल दरी (म्हणजे नेट वापरता येणारे आणि न येणारे यांच्यातली तफावत) वगैरे जुन्या गोष्टी झाल्या. पटलं नाही, पण त्या वेळी तोंडातून उत्तरच निघेना. खरंच मिटलीय का दरी?

उंटावरचा_शहाणा:
ज्याच्या त्याच्या म्हणजे कोणाच्या? आयटीयूचे (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था) २०२४ चे आकडे दाखवा त्यांना. जगात ५५० कोटी लोक ऑनलाइन आणि २६० कोटी अजून बाहेरच. श्रीमंत देशांत ९३ टक्के लोक ऑनलाइन, सगळ्यात गरीब देशांत २७. शहरात ८३, खेड्यात ४८. पुरुष ७०, बायका ६५. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) मोबाईल ब्रॉडबँडचं नेटवर्कच पोचलं नाही असे लोक जेमतेम ४ टक्के, म्हणजे बाकीच्यांच्या डोक्यावर रेंज आहे पण फोन परवडत नाही, डेटा परवडत नाही, नाहीतर वाचता येत नाही. नुसते टॉवर उभारून भागत नाही हो.

दुपारची_बॅच:
मी मोठ्या माणसांना मोबाईल शिकवते, त्यातलं सांगते. एक बाई दिवसभर व्हिडिओ बघतात, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज धडाधड, म्हणजे आकडेवारीत त्या ऑनलाइनच. परवा अर्ज भरायला बसलो तर फोटो ५० केबीच्या आत हवा म्हणे, आता केबी म्हणजे काय हे त्यांना कोणी कधी सांगितलंय? तो मी लहान करून दिला, तर ओटीपी मुलाच्या नंबरवर आणि मुलगा कामावर, फोन उचलेना. तेवढ्यात सेशन संपलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून!

चालू_द्या:
सॉरी पण व्हिडिओ बघायला वेळ असतो ना, मग शिकायला काय होतं? सगळं यूट्यूबवर आहे.

उंटावरचा_शहाणा:
@चालू_द्या तेच तर, कुठे काय शोधायचं हे कळणं हीच वेगळी विद्या आहे. एस्टर हार्गिटाई नावाच्या संशोधिकेने २००२ मध्ये अमेरिकेत नेट वापरणाऱ्याच लोकांना ठरावीक गोष्टी शोधायला बसवलं होतं, कुणाला पटकन सापडलं, कुणाला खूप वेळ लागला, काहींना सापडलंच नाही. या फरकाला हार्गिटाईंनी दुसऱ्या पातळीची दरी म्हटलं (पहिली म्हणजे नेट मुळात आहे की नाही). ज्याच्याकडे लॅपटॉप, विचारायला घरात कुणीतरी आणि चुकलं तरी परत करायला वेळ आहे तो नेटवरून नोकरी शोधतो, दुसरा त्याच नेटवर रील बघतो. आळसाचा काय संबंध?

चालू_द्या:
बरं, ओटीपीचं पटलं. बाकी बघू.

रिकामी_वही:
थँक्यू सगळ्यांना, उद्या ऑफिसात बोलतेच. @दुपारची_बॅच त्या बाईंचा अर्ज गेला का शेवटी?

दुपारची_बॅच:
गेला, रविवारी. मुलाला सुट्टी होती ना, फोन घरी होता.