मदत हवी आहे : मला पाठवलेले मेल परत जात आहेत, तीन हजार मेल डिलीट करूनही फरक नाही

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. चार दिवसांपासून मला कोणाचाही मेल येत नाही. वाशीच्या व्यापाऱ्यांनी काल दोनदा मागणीपत्र पाठवले आणि दोन्ही वेळा ते परत गेले, असे त्यांनी फोनवर सांगितले. रात्री एक वाजेपर्यंत बसून मी तीन हजारांहून अधिक जुने मेल डिलीट केले, तरी काही उपयोग झाला नाही. परवा सकाळी मजूर कापणीसाठी बागेत उतरणार आहेत आणि माल कोणत्या प्रतीचा, किती खोकी, हे सारे त्या पत्रातच आहे. कृपया फक्त उपाय सांगावा.

तापीकाठ_भुसावळ
भाऊ, मेलसेवा कोणती, हे तुम्ही लिहिलेलेच नाही. शिवाय मेल परत जातो तेव्हा पाठवणाऱ्याला त्याचे कारण सांगणारा इंग्रजी मजकूर येतो. तो व्यापाऱ्यांकडून मागवून इथे द्यावा. त्याशिवाय आम्ही अंधारात दगड मारत बसू.

गुरुजी_अमळनेर
एका मेलसोबत 25 एमबीपर्यंतच फाइल जोडता येते. प्रत्यक्षात तेवढीही जात नाही, कारण पाठवताना फाइलचे अक्षरांत रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. त्यामुळे 20 एमबीची फाइलसुद्धा अडू शकते. फाइल लहान करून पाठवावी.

केळीबाग_रावेर
गुरुजी, मला काही पाठवायचे नाही, मला मेल यायला हवे आहेत. सेवा जीमेलच आहे. परत आलेल्या मजकुरात जागा संपल्याचे लिहिले आहे, असे व्यापारी म्हणतात, पण तीन हजार मेल काढल्यावर जागा कशी संपलेली राहील?

धुळेकर
थंडरबर्ड हे संगणकावर मेल वाचायचे सॉफ्टवेअर घ्या. मी कित्येक वर्षे तेच वापरतो. पॉप पद्धतीने सारे मेल संगणकावर उतरवून घ्यावेत आणि सर्व्हरवरची प्रत काढून टाकण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे खाते कायम मोकळे राहते.

तापीकाठ_भुसावळ
धुळेकर, प्रत्येक धाग्यावर तुमचे थंडरबर्ड आहेच. ज्यांच्याकडे दोन दिवस हातात आहेत त्यांना तुम्ही नवे सॉफ्टवेअर बसवायला सांगता, आणि संगणक बिघडला तर सारी जुनी पत्रे जातील, हे सांगत नाही.

धुळेकर
ज्याला बॅकअप घ्यायचा कंटाळा आहे त्याची पत्रे कुठेही ठेवली तरी जातात. माझे एकही पत्र आजवर हरवलेले नाही.

सातपुडा_चोपडा
वाद थोडा बाजूला ठेवू. केळीबाग भाऊ, तीन प्रश्न आहेत. डिलीट केल्यावर ट्रॅश रिकामा केला का? नसेल, तर ते मेल तिथे 30 दिवस पडून राहतात आणि तितकी जागा अडवतात. दुसरे, हे खाते आणखी कोणाच्या फोनवर आहे? तिसरे, त्या फोनमधले फोटो आपोआप गुगलवर चढतात का? गुगलकडून मोफत मिळणारे 15 जीबी मेल, ड्राइव्ह (गुगलवर फाइली ठेवायची जागा) आणि फोटो या तिघांत वाटले जातात.

केळीबाग_रावेर
ट्रॅश राहिला होता, आता रिकामा केला. जेमतेम फरक पडला. फोटोंचा आणि मेलचा संबंध मला कळत नाही. हे खाते पुतण्याच्या फोनवर आहे, कारण वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो तोच काढतो. फेब्रुवारीत त्याच्या बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओही त्यानेच काढले होते. पण पूर्वी असे कधी झाले नाही.

सातपुडा_चोपडा
मग दुखणे सापडले. 1 जून 2021 पूर्वी थोडे आकसून ठेवलेले फोटो या जागेत मोजले जात नव्हते. त्यानंतर चढलेले सगळे मोजले जातात. निव्वळ मजकुराचे तीन हजार मेल मिळूनही हळदीच्या एका मोठ्या व्हिडिओएवढे भरत नाहीत. मात्र घाई करू नका. फोटोंच्या ॲपमधून काढलेला व्हिडिओ पुतण्याच्या फोनवरूनही जाऊ शकतो, म्हणून आधी सारे पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मग काढा आणि तिथला ट्रॅशही रिकामा करा. मेलच्या शोधपेटीत इंग्रजीत ‘लार्जर’, पुढे कोलन आणि ‘10एम’ लिहिल्यास 10 एमबीपेक्षा मोठे मेल समोर येतात. तेही पाहून घ्या.

तापीकाठ_भुसावळ
यात एक भर घालतो. परत गेलेले मेल जागा झाल्यावर आपोआप येत नाहीत. व्यापाऱ्यांना पुन्हा पाठवायला सांगावे लागेल. गेल्या चार दिवसांत आणखी कोणी काही पाठवले असेल, तर त्यांनाही फोन करा.

केळीबाग_रावेर
सर्वांचे आभार. व्हिडिओच 11 जीबींचे निघाले. वहिनींना विचारल्याशिवाय एकही काढायचा नाही, असे पुतण्याने बजावले होते, त्यामुळे उतरवण्यातच संध्याकाळ गेली. रात्री पत्र आले : 13 किलोची 600 खोकी, पहिली प्रत. पुतण्याच्या फोनला आता त्याचे स्वतःचे वेगळे खाते जोडले आहे.

धुळेकर
थंडरबर्ड असते तर मागणीपत्र परवाच आले असते.

सातपुडा_चोपडा
नसते आले. मेलमधले सारे काही उतरवले असते, तरी व्हिडिओ होते तिथेच राहिले असते.

गुरुजी_अमळनेर
प्रश्न सुटला हे उत्तम झाले. तरीही व्यापाऱ्यांनी फाइल लहान करूनच पाठवावी, असे माझे मत आहे.